पंपाच्या पेटीतला ‘ऑटो’: महावितरण काढायला सांगते, शेतकरी बसवतो, नेमका तिढा काय आहे?

नाशिक जिल्ह्यातल्या देवळा तालुक्यात कुठल्याही विहिरीच्या काठावर एक पत्र्याची पेटी हमखास दिसते. आत मेन स्विच, फ्यूज, स्टार्टर आणि वायरींचा गुंता असतो. या पेटीत आणखी एक लहानसा भाग बसवलेला असतो. त्याला गावात सगळे ‘ऑटो’ म्हणतात.

लाईट आली की मोटर आपोआप सुरू करणं, एवढंच या ऑटोचं काम. पण याच ऑटोमुळे डीपी, म्हणजे रोहित्र जळतं, असं महावितरणचं म्हणणं आहे. ‘ऑटोस्विच काढा, कॅपॅसिटर बसवा’ असं आवाहन महावितरण दर रब्बी हंगामात करतं. तरीही ऑटो निघत नाहीत.

याला शेतकऱ्यांचा बेजबाबदारपणा म्हणून मोकळं होता येतं. पण पेटीच्या आत काय चालतं आणि लाईट कोणत्या वेळी येते, या दोन गोष्टी समजून घेतल्या तर चित्र वेगळं दिसतं.

पेटीत नेमकं काय असतं?

शेतीपंपाची मोटर सहसा थ्री फेजवर चालते. तिला घरातल्या पंख्यासारखं नुसत्या बटणावर चालू-बंद करता येत नाही, म्हणून मध्ये स्टार्टर लागतो. हिरवं बटण दाबलं की स्टार्टरमधली कॉइल चुंबक बनते, तीन फेजचे संपर्क ओढून धरते आणि मोटर फिरू लागते.

स्टार्टरचं दुसरं काम संरक्षणाचं आहे. मोटर जास्त करंट ओढू लागली तर ओव्हरलोड रिले ती बंद करतो. तीनपैकी एक फेज गेला तर उरलेल्या दोन फेजवर मोटर गुरगुरते, तापते आणि थोड्याच वेळात तिचं वायंडिंग जळतं. हे टाळण्यासाठी सिंगल फेज प्रिव्हेंटर लावतात. विहिरीतलं पाणी तळाला गेलं तर मोटर कोरडी फिरू नये, यासाठी ड्राय रनचं संरक्षणही मिळतं. डीपी दुरुस्त करताना फेजची अदलाबदल झाली तर मोटर उलटी फिरते. तेही ओळखणारे रिले बाजारात आहेत.

या सगळ्यात एक साधा नियम दडलेला आहे. लाईट गेली की कॉइलचं चुंबकत्व जातं आणि संपर्क सुटतात. लाईट परत आली तरी मोटर आपोआप सुरू होत नाही, कोणीतरी येऊन बटण दाबावं लागतं. हा स्टार्टरचा दोष नाही, मुद्दाम केलेली सोय आहे. ऑटो नेमकी हीच सोय रद्द करतो.

मग डीपी का जळते?

मोटर सुरू होताना पहिले काही क्षण नेहमीपेक्षा साधारण ५ ते ७ पट करंट ओढते. एकटी मोटर असेल तर डीपीला ते जाणवतही नाही. प्रश्न सगळ्या एकदम सुरू झाल्या की येतो.

एक साधं गणित मांडून पाहू. १०० केव्हीएच्या डीपीची पूर्ण क्षमता प्रत्येक फेजला सुमारे १३३ अँपियर असते. तिच्यावर ५ एचपीच्या १५ मोटरी आहेत आणि प्रत्येक मोटर चालताना ८ अँपियर घेते, असं धरू. एकूण १२० अँपियर झाले, म्हणजे डीपी झेपवते. पण त्याच १५ मोटरी एकाच क्षणी सुरू झाल्या आणि प्रत्येकीने सहापट करंट घेतला, तर आकडा ७२० अँपियरवर जातो. क्षमतेच्या पाचपटीहून जास्त.

एवढा भार आला की व्होल्टेज कोसळतं. व्होल्टेज कमी झालं की मोटरची ताकद त्याच्याही वेगाने घटते आणि तिला पूर्ण गती घ्यायला जास्त वेळ लागतो. तेवढा वेळ जास्तीचा करंट वाहत राहतो. खरं तर डीपीचा फ्यूज इथे उडायला हवा आणि बऱ्याचदा तो उडतोही. मग वायरमन यायला उशीर लागतो, कोणीतरी फ्यूजच्या जागी जाड तार घालतं आणि पुढच्या वेळी फ्यूजऐवजी डीपीचं वायंडिंग जळतं.

डीपी जळाली की तिच्यावरचे सगळे शेतकरी पाण्याविना बसतात. ज्याच्या पेटीत ऑटो आहे तोही आणि ज्याच्या पेटीत नाही तोही.

हे माहीत असूनही शेतकरी ऑटो का लावतात?

याचं उत्तर लाईटच्या वेळापत्रकात आहे. राज्यात शेतीच्या फीडरला थ्री फेज वीज चक्राकार पद्धतीने मिळत आली आहे. काही दिवस दिवसा ८ तास, तर काही दिवस रात्री ८ ते १० तास. त्यातही मध्येच ट्रिपिंग होतं. लाईट जाते आणि दहा मिनिटांनी किंवा दोन तासांनी परत येते.

देवळा हा कसमादे पट्ट्यातला तालुका. कळवण, सटाणा, मालेगाव आणि देवळा या चार तालुक्यांच्या आद्याक्षरांवरून पट्ट्याला हे नाव पडलं. कांदा आणि डाळिंब ही इथली मोठी पिकं, आणि तालुक्यातलं उमराणे कांद्याच्या बाजारासाठी ओळखलं जातं. तालुक्यातून गिरणा नदी वाहते, तिच्यावर वरच्या अंगाला कळवण तालुक्यात चणकापूर धरण आहे. तरी बऱ्याच शेतांचा खरा आधार विहीर आणि बोअर हाच असतो.

उन्हाळ कांद्याची लागवड हिवाळ्यात होते आणि पुढे मार्चच्या आसपासपर्यंत त्याला ठरावीक अंतराने पाणी द्यावं लागतं. म्हणजे पाण्याची सर्वाधिक गरज आणि कडाक्याची थंडी एकाच वेळी येतात. रात्री बारा वाजता लाईट येणार असेल तर शेतकऱ्याला थंडीत, अंधारात विहिरीपर्यंत जावं लागतं. साप-विंचवाची भीती कायमचीच, नाशिक जिल्ह्याच्या बऱ्याच भागांत बिबट्याचीही आहे. ओल्या जमिनीवर उभं राहून उघड्या पेटीत हात घालणं हा तर वेगळाच धोका.

अशा वेळी ऑटो लावणं म्हणजे रात्रीची एक फेरी वाचवणं. नुसता आळस म्हणून याकडे पाहता येत नाही. दिवसभर राबलेल्या माणसाने जीव सांभाळून काढलेला तो मार्ग आहे. वेळापत्रक बदलणं त्याच्या हातात नव्हतं, पेटी बदलणं हातात होतं.

एकट्याने ऑटो काढला तर काय होईल?

खरा तिढा इथे आहे. समजा १५ जणांपैकी एकाने महावितरणचं ऐकून ऑटो काढला. डीपीवरचा भार जवळपास तेवढाच राहील, कारण बाकीचे १४ ऑटो चालूच आहेत. रात्री लाईट आल्यावर १४ जणांच्या शेतात पाणी जाईल आणि याची मोटर बंद राहील. डीपी जळाली तर नुकसान मात्र सगळ्यांइतकंच याचंही. म्हणजे शहाणपणाने वागणाऱ्याचाच तोटा.

कॅपॅसिटरचंही असंच आहे. मोटरला चुंबकीय क्षेत्र तयार करायला जास्तीचा करंट लागतो आणि तो लांबून, डीपीतून तारांवरून येतो. पेटीत योग्य मापाचा कॅपॅसिटर असेल तर त्यातला बराचसा करंट जागेवरच मिळतो. ५ एचपीच्या मोटरला साधारण २ केव्हीएआरचा कॅपॅसिटर सुचवला जातो. वरच्या उदाहरणातली मोटर तारेतून ८ अँपियर घेत असेल, तर कॅपॅसिटर लावल्यावर तो आकडा साडेसहाच्या आसपास येऊ शकतो. पंधराही जणांनी लावला तर डीपीवर १२० ऐवजी सुमारे १०० अँपियर.

पण खर्च एकाचा आणि फायदा सगळ्यांचा. त्यात २०२४ मध्ये राज्य सरकारने ‘मुख्यमंत्री बळीराजा मोफत वीज योजना’ आणली. साडेसात एचपीपर्यंतच्या सुमारे ४४ लाख शेतीपंपांना एप्रिल २०२४ ते मार्च २०२९ या काळासाठी मोफत वीज देण्याची ही योजना आहे. बिलाचा भार उतरणं हा मोठा दिलासाच आहे. मात्र कॅपॅसिटर लावून बिल कमी होईल, हे आमिष आता या शेतकऱ्यांना दाखवता येत नाही. उरतं ते फक्त आवाहन.

ऑटो न काढता डीपी वाचू शकते का?

तांत्रिकदृष्ट्या, हो. ऑटोने मोटर सुरू होणं हा मूळ दोष नाही. सगळ्या मोटरी एकाच क्षणी सुरू होणं हा दोष आहे.

चांगल्या ऑटोमध्ये आणि मोबाइल स्टार्टरमध्ये टायमर असतो. लाईट आल्यावर किती सेकंदांनी मोटर सुरू करायची, हे त्यात ठरवता येतं. एका डीपीवरच्या १५ जणांनी आपापसांत क्रम लावून घेतला, पहिल्याने २० सेकंद, दुसऱ्याने ४०, तिसऱ्याने ६०, तर शेवटची मोटर पाच मिनिटांत सुरू होईल. डीपीला ७२० अँपियरचा धक्का बसणार नाही. कोणाची रात्रीची फेरीही वाढणार नाही.

तीन गोष्टी मात्र सांभाळाव्या लागतील.

• फेजची खात्री: तिन्ही फेज आणि पुरेसं व्होल्टेज असल्याशिवाय मोटर सुरू होणार नाही, असा रिले हवा. स्वस्त ऑटोमध्ये हे नसतं, आणि मोटर जळण्याचं ते एक मोठं कारण ठरतं.

• अर्थिंग: पत्र्याची पेटी आणि मोटर या दोन्हींना स्वतंत्र, पक्कं अर्थिंग हवं. माणसाला शॉकपासून वाचवण्यासाठी ३० मिलिअँपियरचा ईएलसीबी वापरतात. अर्थिंगला तो पर्याय नाही, ती जोड आहे.

• पाटी: ऑटो असलेली मोटर कुठल्याही क्षणी फिरू शकते. मोटरला किंवा वायरीला हात लावण्याआधी मेन स्विच खाली करायला हवा आणि हे पेटीवर ठळक लिहायला हवं. ‘लाईट नाही’ म्हणून काम सुरू करणं जिवावर बेतू शकतं.

हे काम डीपीवरचे शेतकरी आणि वायरमन मिळून एका बैठकीत ठरवू शकतात. पण नुसतं ‘काढा’ म्हणणाऱ्या आवाहनात या पर्यायाला जागा राहत नाही.

दिवसा वीज मिळाली तर प्रश्न सुटेल?

बराचसा. रात्री वीज देण्यामागे एक हिशेब होता. औष्णिक वीज केंद्रं रात्रीही चालू ठेवावी लागतात आणि तेव्हा इतर मागणी कमी असते, म्हणून शेतीचा भार रात्रीकडे ढकलला गेला. सौरऊर्जेने हा हिशेब उलटा केला आहे. आता स्वस्त वीज दिवसा तयार होते.

त्यावरच ‘मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.०’ उभी आहे. मूळ योजना २०१७ ची, दुसरा टप्पा २०२३ मध्ये आला. उपकेंद्रांजवळ सौर प्रकल्प उभारून तिथली वीज शेतीच्या फीडरला दिवसा द्यायची, अशी ही रचना आहे. तिचं उद्दिष्ट पुढे १६ हजार मेगावॅटपर्यंत वाढवण्यात आलं.

दुसरी वाट स्वतंत्र सौरपंपाची. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत सर्वसाधारण गटातल्या शेतकऱ्याने १० टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्यांनी ५ टक्के रक्कम भरायची असते. जमिनीनुसार ३, ५ किंवा साडेसात एचपीचा पंप मिळतो आणि पाच वर्षं दुरुस्तीची हमी असते.

सौरपंपात डीपी नाही, त्यामुळे ऑटोचा वादही नाही. पण पेटी राहतेच, फक्त आतलं सामान बदलतं. स्टार्टरच्या जागी इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर येतो. जुन्या स्टार्टरची कॉइल तालुक्याच्या बाजारात मिळते आणि गावातला वायरमन ती तासाभरात बदलतो. कंट्रोलरचं कार्ड बिघडलं तर मात्र कंपनीच्या माणसाची वाट पाहावी लागते. डाळिंब सेटिंगला असताना किंवा कांदा पोसत असताना ही वाट किती दिवसांची, यावर पीक ठरतं. पाच वर्षांची हमी संपल्यावर ही दुरुस्ती कोण करणार, हा प्रश्न आत्ताच विचारायला हवा.

फीडर सौरऊर्जेवर आला तरी डीपी तीच राहणार, मोटरी त्याच राहणार आणि ट्रिपिंग पूर्ण थांबेल असं नाही. दिवसा लाईट आल्याने रात्रीची फेरी टळेल. पण सकाळी लाईट येताच पंधराही मोटरी एकदम उठल्या तर डीपीला बसणारा धक्का रात्रीइतकाच असेल.

म्हणून दिवसा वीज आणि पेटीतला टायमर, या दोन्ही गोष्टी सोबतच लागतील. पहिली द्यायची आहे सरकारने आणि महावितरणने. दुसरी एका डीपीवरच्या शेतकऱ्यांना आजही करता येते.