शिक्षकाची भीती कोठून येते?

शिक्षकांच्या मानसिक ताणाची चर्चा हल्ली त्यांच्या स्वभावापाशी येऊन थांबते. अमुक शिक्षक हळवा, तमुक चिंताग्रस्त. तणावमुक्तीचे शिबिर भरविले की प्रश्न मिटला, असे गृहीत धरले जाते. स्वभावाचा वाटा कोणी नाकारणार नाही. एकाच प्रसंगात एक जण स्थिर राहतो, दुसरा खचतो. परंतु तो प्रसंग ओढवला कोणी, हा प्रश्न त्यामुळे निकालात निघत नाही.

लोहारा तालुक्याचेच उदाहरण घ्यावे. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपाने सास्तूर व परिसर उद्ध्वस्त झाला. पुढे तात्पुरत्या निवाऱ्यांत शाळा पुन्हा भरल्या त्या शिक्षकांच्या बळावरच. हा वर्ग जात्याच भित्रा आहे, असे म्हणण्यास आधार नाही. मग आज तो धास्तावला आहे तो कशाने?

उत्तर सेवाशर्तींत आहे. २००० साली शिक्षणसेवक योजना आली आणि प्राथमिक शिक्षक पहिली तीन वर्षे दरमहा ३,००० रुपये मानधनावर राबू लागला. २०२३ मध्ये हे मानधन १६,००० झाले. अस्थिरता मात्र तशीच राहिली. शिक्षणहक्क कायद्याचे २७ वे कलम जनगणना, आपत्तिनिवारण व निवडणुका यांखेरीज अन्य अशैक्षणिक कामे निषिद्ध मानते. तरीही तक्ते आणि माहिती भरण्याचा तगादा संपत नाही. त्यात १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, निवृत्तीस पाच वर्षांहून अधिक अवधी असलेल्या सेवेतील शिक्षकांनीही दोन वर्षांत पात्रता परीक्षा उत्तीर्ण व्हावी, अन्यथा सेवा सोडावी.

कामाचा बोजा मोठा आणि निर्णयाचा अधिकार तुटपुंजा, तेथे ताण वाढतो, हे रॉबर्ट कारासेक यांनी १९७९ मध्येच मांडले होते. अशा व्यवस्थेत बेफिकीर माणूस निभावून नेतो. झिजतो तो कर्तव्यदक्ष. म्हणजे जो गुण शाळेला हवा, त्याचीच शिक्षा शिक्षकास भोगावी लागते.

जिल्हा परिषदेच्या शाळेत शेतमजुराचे मूल शिकते. त्याला उत्तम शिक्षक मिळालाच पाहिजे. म्हणून गुणवत्तेच्या आग्रहाला विरोध करण्याचे कारण नाही. परंतु गुणवत्ता धाकाने वाढत नाही. सेवाकालात पगारी प्रशिक्षण, रिक्त जागांवर कायम नेमणुका आणि २७ व्या कलमाची कसोशीने अंमलबजावणी, या मागण्या शिक्षक संघटनांपुरत्या न ठेवता कार्यकर्त्यांनी पालकांच्या सभांत नेल्या पाहिजेत. भेदरलेला शिक्षक निर्भय नागरिक घडवू शकत नाही, हे पालकांना पटवून देणे अवघड नाही.