वेग, विलंब आणि शुद्धता

संदेश एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणीं नेणाऱ्या साधनाची योग्यता कशी ठरवावी, हा प्रश्न आतां केवळ इंजिनियरांचा राहिला नाहीं. घरोघर इंटरनेट आलें आहे, आणि दरमहा त्याचे पैसे भरणाऱ्या कुटुंबास आपण नक्की काय विकत घेतों हें कळलें पाहिजे. जाहिरातींत मात्र वेगाचा एकच आंकडा ठळक छापलेला असतो. त्यावर विसंबणें म्हणजे, आमच्या मतें, विद्यार्थ्यानें किती पानें लिहिलीं एवढेंच पाहून त्यास गुण देण्यासारखें आहे.

वस्तुतः मापें तीन आहेत. एका सेकंदांत किती मजकूर जातो, हा वेग. निघालेला मजकूर पोहोंचण्यास किती काळ लागतो, हा विलंब. आणि तो कितपत बिनचूक पोहोंचतो, ही शुद्धता.

मोजमापाची उपेक्षा केल्यास काय होतें, हें अटलांटिक महासागराखालच्या पहिल्या तारेनें दाखविलें. ही तार १८५८ च्या ऑगस्टांत आयर्लंडपासून न्यूफाउंडलंडपर्यंत जोडली गेली. तिच्यावरील खुणा इतक्या अस्पष्ट येत कीं, त्या पुनःपुन्हा विचारून घ्याव्या लागत. राणी व्हिक्टोरियाच्या ९८ शब्दांच्या संदेशास १६ तास लागले. लांब तारेंत विजेचा ठसा पसरून पुसट होतो, व लांबी दुप्पट झाली कीं हा दोष चौपट होतो, असें विल्यम थॉमसन यांनीं गणितानें आधींच दाखविलें होतें. कंपनीचे विद्युत्तज्ज्ञ व्हाइटहाउस यांनीं तें मानलें नाहीं. जोर वाढविल्यानें काम होईल या समजुतीनें त्यांनीं सुमारें २००० व्होल्टांचा दाब दिला, आणि मुळांतच सदोष असलेली ती तार कांहीं आठवड्यांत मुकी झाली. १८६६ च्या तारेंत तांबें जाड होतें, वेष्टन उत्तम होतें, आणि अतिसूक्ष्म प्रवाह दाखविणारें थॉमसन यांचें आरशाचें यंत्र जोडीस होतें. तिच्यावरून मिनिटास सुमारें ८ शब्द जाऊं लागले.

शुद्धतेसाठीं कांहीं किंमत द्यावी लागते. आपल्या घनपाठांत दोन पदें सुलट व उलट, मग तीन पदें सुलट, उलट व पुन्हा सुलट म्हणतात. पाठ लांबतो, परंतु एक पद ढळल्यास तें तत्काळ उघडें पडतें. मार्गावर गोंगाट असला, तरी वेग एका ठराविक मर्यादेच्या आंत ठेवल्यास योग्य संकेतरचनेनें हवी तितकी शुद्धता साधतां येते, हें क्लॉड शॅनन यांनीं १९४८ सालीं सिद्ध केलें.

विलंब मात्र अंतराशीं बांधलेला आहे. भूस्थिर उपग्रह सुमारें ३६,००० किलोमीटर उंच असतो. तेथवर जाऊन परत येण्यास संदेशास पाव सेकंद लागतो, व प्रश्नाचें उत्तर ऐकूं येण्यास अर्धा. वेगाचा आंकडा कितीही मोठा असो, संभाषण अडखळतेंच.

तेव्हां वाचकांनीं एवढें करावें. ८ बिटांचा एक बाइट होतो, म्हणून १०० मेगाबिट म्हणजे साडेबारा मेगाबाइटच, हें ध्यानांत ठेवावें. मापन सायंकाळीं, घरांतील सर्व मंडळी जोडणी वापरीत असतां, तीन-चार वेळां करावें. परदेशांतील मुलाचा आवाज तुटत असेल, तर अधिक वेगाचे पैसे भरण्यापूर्वीं विलंब व गळती तपासावी. एकदां यंत्रास तार जोडून व एकदां बिनतारी. तार जोडतांच दोष गेला, तर तो घरांतलाच समजावा.