‘डेंजर’च्या आधीचा शब्द

मैत्रिणींनो, या खेपेला पाककृती नाही की विणकामाचे टाके नाहीत. एका भगिनीचं पत्र आलं आहे, तेच तुमच्यापुढे ठेवते. तिचं नाव-गाव सांगत नाही.

तिचे यजमान कामानिमित्त हैदराबादला गेले होते. तिथे छातीत दुखू लागलं म्हणून सोबतच्या माणसांनी त्यांना दवाखान्यात दाखल केलं. दुसऱ्या दिवशी दुपारी नर्सचा फोन आला. ती इंग्रजीतून बोलली, “युवर हजबंड इज आउट ऑफ डेंजर. ही इज अंडर ऑब्झर्वेशन.” आणि फोन ठेवून दिला.

पत्रात ही भगिनी लिहिते, “ताई, मला फक्त ‘हजबंड’ आणि ‘डेंजर’ एवढंच कळलं. हातातली परात तशीच सुटली. मुलगी क्लासहून आली, तिनं परत फोन लावला, तेव्हा कळलं की धोका टळलाय. पण मधल्या त्या अर्ध्या तासात मी काय भोगलं ते माझं मला ठाऊक. मी मॅट्रिक पास आहे हो! शब्द येतात, तरी असं का व्हावं?”

पत्र वाचून मला गलबलून आलं. पण बाई गं, यात लाज वाटण्यासारखं काही नाही. तुझं शिक्षण कमी पडलं नाही, तुझा कान मराठी आहे इतकंच.

कसं ते पाहा. आपण म्हणतो ‘धोक्यात’ आणि ‘धोक्याबाहेर’. आधी धोका येतो आणि त्याचं काय झालं ते शेवटी कळतं. आपला कान शब्दाच्या शेपटीकडे लागलेला असतो. इंग्रजीत नेमकं उलटं. ‘इन डेंजर’ आणि ‘आउट ऑफ डेंजर’ यांत निकाल आधी लागतो, मोठा शब्द मागून येतो. ते पुढचे छोटे शब्द पटकन म्हटले जातात. आपण सावरून ऐकू लागतो तोवर ते निघून गेलेले असतात आणि कानात राहतो तो नुसता ‘डेंजर’!

म्हणून पहिली सवय ही लावून घ्या. ‘इज’ किंवा ‘आर’ ऐकू आलं की लगेच कान टवकारायचे. इन, ऑन, अंडर, आउट ऑफ यांतलं काय आलं ते आधी पकडायचं.

आता थोडं व्याकरण. घाबरू नका, चहा उकळेपर्यंत होईल! ‘इज’च्या पुढचे हे शब्दसमूह दोन प्रकारचे असतात. ‘शी इज इन द किचन’ म्हणजे ती स्वयंपाकघरात आहे. हे झालं ‘कुठे?’चं उत्तर. ‘शी इज इन अ हरी’ म्हणजे ती घाईत आहे. घाई काही जागा नव्हे, तेव्हा हे झालं ‘कशी?’चं उत्तर. इथे ‘इन अ हरी’ हा समूह विशेषणाचं काम करतो. ‘शी इज टायर्ड’मधल्या ‘टायर्ड’च्याच पंक्तीला तो बसतो. म्हणून तर ‘शी इज टायर्ड अँड इन टिअर्स’, म्हणजे ती दमलेली आणि रडवेली आहे, असं एका दमात म्हणता येतं.

दोन्हींतला फरक ओळखायची एक युक्ती सांगते. ‘इज’ काढून ‘सीम्स’ घालून पाहा. ‘शी सीम्स इन अ हरी’ छान जमतं. ‘शी सीम्स इन द किचन’ मात्र कानाला खटकतं. आपल्याकडेही तसंच आहे की! ‘ती घाईत दिसते’ म्हणजे तशी वाटते. पण ‘ती स्वयंपाकघरात दिसते’ म्हणजे तिथे नजरेला पडते.

कित्येक ठिकाणी तर मराठी आणि इंग्रजी अगदी सख्ख्या जावांसारख्या एका चालीनं चालतात. रजेवर म्हणजे ‘ऑन लीव्ह’, वेळेवर म्हणजे ‘ऑन टाइम’, अडचणीत म्हणजे ‘इन ट्रबल’. ‘अंडर ऑब्झर्वेशन’ तरी काय? देखरेखीखाली! ‘खाली’ म्हणजेच ‘अंडर’. कधी मात्र दोघींची तोंडं दोन दिशांना. आपण नियंत्रणात म्हणतो, ते म्हणतात ‘अंडर कंट्रोल’. असे शब्द तेवढे पाठच करावे लागतात.

खरी फसगत होते ती आपल्या ‘मला’मुळे. मला घाई आहे, मला वेदना होताहेत, मला अडचण आहे, असं आपण म्हणतो. इंग्रजीत तिथे माणूसच त्या अवस्थेच्या आत जाऊन बसतो : ‘आय अॅम इन अ हरी’, ‘आय अॅम इन पेन’. यातला ‘इन’ गाळून कुणी डॉक्टरांना ‘आय अॅम पेन’ म्हणाली, तर अर्थ होतो ‘मीच वेदना आहे’. आणि ‘शी इज इन ट्रबल’ म्हणजे ती अडचणीत आहे, पण ‘शी इज ट्रबल’ म्हणजे ती बाईच एक डोकेदुखी आहे! जावेबद्दल बोलताना जपून, बरं का.

आणखी एक बारकावा, ‘द’चा. इंग्लंडच्या धाटणीच्या इंग्रजीत ‘ही इज इन हॉस्पिटल’ म्हणजे तो रोगी म्हणून दाखल आहे. ‘ही इज इन द हॉस्पिटल’ म्हणजे तो त्या इमारतीत आहे, भेटायलाही गेला असेल. अमेरिकेत मात्र रोग्यालाही ‘इन द हॉस्पिटल’च म्हणतात. तेव्हा परदेशातल्या लेकी-सुनांचा निरोप आला की घाबरण्याआधी एक प्रश्न जास्त विचारावा.

आणि ते आपलं लाडकं ‘आउट ऑफ स्टेशन’? कंपनी सरकारच्या काळी गोरे अधिकारी जिथे नेमलेले असत त्या ठिकाणाला ‘स्टेशन’ म्हणत. तो वापर आपल्याकडे टिकून राहिला. परदेशात मात्र ‘आउट ऑफ टाउन’ म्हणा, नाहीतर ऐकणाऱ्याला रेल्वेचं स्टेशन आठवेल.

आता हे कात्रण कापून फोनजवळ लावा. दवाखान्यातून कानी पडणारे शब्द असे :

इन डेंजर – धोक्यात
आउट ऑफ डेंजर – धोका टळला
इन पेन – वेदना होत आहेत
ऑन ऑक्सिजन – ऑक्सिजन लावलेला आहे
ऑफ ऑक्सिजन – ऑक्सिजन काढला
अंडर ऑब्झर्वेशन – देखरेखीखाली
अंडर कंट्रोल – आटोक्यात
आउट ऑफ कंट्रोल – आटोक्याबाहेर

पाहिलंत? ‘ऑन’ आणि ‘ऑफ’ यांत उच्चाराचा फरक तो केवढासा, पण अर्थात जमीन-अस्मानाचं अंतर. म्हणून ऐकलेल्यावर विसंबू नका. सरळ म्हणा, “प्लीज स्पीक स्लोली.” मग विचारा, “इज ही इन डेंजर ऑर आउट ऑफ डेंजर?” दोन्ही शब्द आपणच पुढे ठेवले की समोरच्याला त्यांतला एक निवडावा लागतो. तरीही शंका उरली तर मेसेज लिहून पाठवायला सांगा. लिहिलेला शब्द पळून जात नाही. आणि हिंदीतून किंवा मराठीतून बोलणारं कुणी आहे का, असं विचारण्यातही कमीपणा मुळीच नाही. माणूस आपलं आहे, त्याची खबर नीट कळणं हा आपला हक्क आहे.

रोज पाच वाक्यांचा सराव ठेवा. दूध ओट्यावर, सासूबाई देवळात, मुलगा अंथरुणात, हे घाईत, आपण कामात! ‘द मिल्क इज ऑन द ओटा’ म्हटलंत तरी चालेल. ‘ऑन’ बरोबर आलं म्हणजे झालं.

पत्राच्या शेवटी त्या भगिनीनं लिहिलंय, यजमान घरी आले आहेत, औषधं चालू आहेत, सकाळी थोडं फिरूनही येतात. आणि मुलीनं फोनजवळच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत एक कागद चिकटवलाय. त्यावर एवढंच आहे – ‘आउट ऑफ म्हणजे बाहेर.’

तो कागद भिंतीवर राहू दे हो. पण तसा फोन घेण्याची वेळ पुन्हा कधी न येवो.