हिरवळीतील तण

हराळी हे गवत मराठी मुलखात कोणाला ठाऊक नाही? शेतकऱ्याच्या दृष्टीने ती पिकाची वैरीण होय. नांगराने उलथून टाकली, खुरप्याने खणून काढली, तरी मातीत राहिलेल्या एखाद्या कांडीतून ती पुन्हा डोके वर काढते. ‘तण खाई धन’ ही म्हण ज्याच्या तोंडून प्रथम निघाली, त्याच्या डोळ्यांपुढे बहुधा हराळीच असावी. परंतु भाद्रपदात हीच हराळी दूर्वा या नावाने गणपतीच्या मस्तकी चढते. आणि क्रिकेटच्या मैदानावरचा माळी तिलाच पाणी घालून, कापून, रूळ फिरवून मोठ्या निगुतीने जोपासतो. तण हे वनस्पतींच्या एखाद्या कुळाचे नाव नव्हे. आपल्याला नको त्या जागी जे उगवते, त्याला आपण तण म्हणतो, इतकेच.

ही गोष्ट ध्यानात ठेवून आपण दूरच्या कॅनडा देशातील एका वादाकडे पाहू. तेथील कित्येक वस्त्यांत घरांना आपल्यासारख्या कुंपणाच्या भिंती नसतात. प्रत्येक घरापुढे हिरवळीचा एक तुकडा असतो, आणि एकाची हिरवळ जेथे संपते तेथे शेजाऱ्याची सुरू होते. ही आवड मूळची इंग्लंडातील जमीनदारांची. त्यांच्या वाड्यांभोवतालची गवताळ मैदाने मेंढ्या चरून किंवा गडीमाणसे विळ्याने कापून सारखी ठेवीत. १८३० मध्ये एडविन बडिंग नावाच्या कारागिराने कापडावरील लव कातरण्याचे यंत्र पाहून गवत कापण्याचे यंत्र तयार केले, आणि पुढे साध्या गृहस्थालाही आपल्या दारी हिरवळ राखता येऊ लागली. श्रीमंतांची शोभा अशा रीतीने सामान्यांच्या अंगणात उतरली. मात्र तिच्याबरोबर एक हट्टही उतरला. हिरवळ म्हणजे एकाच जातीच्या, एकाच उंचीच्या गवताचा गालिचा. त्यात दुसरे पान दिसता कामा नये, असा तो हट्ट होता.

वसंत ऋतू आला की या गालिच्यावर डँडेलियनची पिवळी फुले उमलतात. आपल्या शेतातील पाथरी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे झाड परके वाटणार नाही. दोन्हींचे फूल पिवळे, दोन्हींची पाने जमिनीलगत पसरलेली आणि मोडली असता दोन्हींतून पांढरा चीक निघणारा. पाथरीप्रमाणे डँडेलियनची कोवळी पानेही भाजी म्हणून खातात. लांब हिवाळ्यानंतर बाहेर पडणाऱ्या मधमाश्यांना ही फुले परागाची शिदोरी देतात. तथापि त्याचे मूळ सरळ खोल जाते, अर्धवट तुटले तर उरलेल्या तुकड्यातून नवे झाड फुटते, आणि फूल वाळले की प्रत्येक बी आपली पांढरी छत्री उघडून वाऱ्याबरोबर शेजाऱ्याच्या अंगणात जाऊन उतरते. घरमालक चिडतो तो यामुळेच.

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस या चिडलेल्या घरमालकाच्या हाती ‘२,४-डी’ नावाचे रसायन आले. त्याची करणी मोठी चमत्कारिक आहे. वनस्पतीच्या अंगी वाढीचे नियमन करणारा एक रस असतो. हे रसायन त्या रसाचे सोंग घेते. रुंद पानांची झाडे या सोंगाला फसतात, वेडीवाकडी वाढू लागतात आणि त्या वाढीनेच मरतात. अरुंद पात्यांचे गवत मात्र बहुतांशी वाचते. हिरवळीवर फवारा मारावा आणि डँडेलियन तेवढे वाळून जावे, याहून सोयीचे ते काय असणार?

पण या सोयीत एक निरपराध मारला गेला. पांढरा क्लोव्हर नावाची एक बुटकी वनस्पती आहे. तिचे पान मेथीच्या पानासारखे तीन दलांचे असते. आपल्या हरभऱ्याच्या किंवा तुरीच्या मुळांवर जशा गाठी असतात, तशा हिच्याही मुळांवर असतात. त्यांतील सूक्ष्म जीव हवेतील नत्र धरून जमिनीत आणतात. म्हणून पूर्वी हिरवळीसाठी जे बी विकत, त्यात गवताबरोबर क्लोव्हरचे बी मुद्दाम मिसळलेले असे. ते हिरवळीला फुकटचे खत देई. २,४-डी आले, आणि त्याला रुंद पानाच्या डँडेलियनमधला व रुंद पानाच्या क्लोव्हरमधला भेद कळेना. दोन्ही मेले. मग लोकांनी काय करावे? रसायन अपुरे आहे असे म्हणण्याऐवजी त्यांनी क्लोव्हरलाच तण ठरवले! क्लोव्हर गेल्यावर जमिनीत नत्र कमी पडू लागले, तेव्हा ते पोत्यांतून विकत आणून घालावे लागले. हत्याराला जे जमत नाही ते आपल्याला नकोच होते, अशी मनाची समजूत घालण्याचे हे उदाहरण मला फार बोलके वाटते.

आता मूळ वादाकडे येऊ. माँट्रियल शहराच्या पश्चिमेस, ओटावा नदीच्या काठी, हडसन नावाचे एक छोटे गाव आहे. तेथील त्वचारोगतज्ज्ञ डॉक्टर जून अर्विन यांना, अंगणांत फवारल्या जाणाऱ्या विषारी औषधांचा आपल्या रोग्यांच्या प्रकृतीवर परिणाम होत असावा, अशी शंका आली. १९८५ पासून त्या गावच्या नगरसभेच्या बैठकींना जाऊन या औषधांविषयी प्रश्न विचारू लागल्या. एकदा विचारून त्या थांबल्या नाहीत. वर्षानुवर्षे विचारीत राहिल्या. अखेर १९९१ मध्ये हडसनच्या नगरसभेने केवळ शोभेसाठी अशी औषधे फवारण्यास बंदी घातली. हिरवळींवर औषधे मारण्याचा धंदा करणाऱ्या दोन कंपन्यांनी या नियमाविरुद्ध न्यायालयात धाव घेतली. प्रकरण देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि २८ जून २००१ रोजी निकाल गावाच्या बाजूने लागला.

या निकालाचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. ही औषधे निश्चित घातक आहेत, असा निर्णय न्यायालयाने दिला नाही. तो प्रश्न त्याच्यापुढे नव्हताच. आपल्या रहिवाशांच्या आरोग्याची काळजी म्हणून असा नियम करण्याचा अधिकार गावाला आहे काय, एवढेच ठरवायचे होते. आणि तो आहे, असे न्यायालयाने म्हटले. शास्त्रज्ञांचे मत आजही पूर्णपणे एक नाही. २००८ मध्ये कॅनडाच्या आरोग्य खात्याने, सूचनांप्रमाणे वापरल्यास २,४-डीचा धोका स्वीकारण्याजोगा आहे, असे मत दिले. २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने तेच रसायन कर्करोगास कारण होण्याची शक्यता असलेल्या पदार्थांच्या वर्गात घातले.

मग बंदी घाईची झाली काय? मला तसे वाटत नाही. जेथे शंका आहे तेथे त्या शंकेचे ओझे कोणी वाहावे, हा खरा प्रश्न आहे. फवारा मारणारा आपल्या इच्छेने मारतो. परंतु वारा त्याची आज्ञा मानीत नाही. औषध शेजारच्या अंगणात जाते, तेथे रांगणाऱ्या मुलाच्या हातांना लागते, पावसाच्या पाण्याबरोबर ओढ्याला मिळते. त्या मुलाला कोणी विचारले होते? आणि हे सारे कशासाठी, तर एक पिवळे फूल दिसू नये यासाठी! २००९ मध्ये ओंटारिओ या मोठ्या प्रांतानेही शोभेसाठी अशी औषधे वापरणे बंद केले. त्याच वर्षी शहरांतील ओढ्यांचे पाणी तपासले, तेव्हा हिरवळीवर मारल्या जाणाऱ्या तणनाशकांचे प्रमाण आदल्या वर्षापेक्षा लक्षणीय रीतीने उतरलेले आढळले. अंगणात मारलेले औषध अंगणातच राहते, असे म्हणणाऱ्यांना ओढ्याने दिलेले हे उत्तर होय.

ओंटारिओच्या कायद्याने शेतीला या बंदीतून वगळले आहे, आणि अंगाला लागताच फोड आणणाऱ्या विषारी वेलींसारख्या वनस्पती नष्ट करण्यासही मुभा ठेवली आहे. हे योग्यच झाले. शेतकऱ्याचे पीक तणाने खाल्ले तर त्याच्या घरची चूल थंडावते. घरमालकाच्या हिरवळीत डँडेलियन उगवले तर कोणी उपाशी राहत नाही. परंतु गोल्फच्या मैदानांनाही काही अटींवर सूट मिळाली आहे, ती मला पटत नाही. खेळ झाला तरी तो हौसेचाच. आणि मुले ज्या मैदानावर फुटबॉल खेळतात त्याला जे चालत नाही, ते मोठ्या माणसांच्या मैदानाला का चालावे?

बंदी तर झाली. आता तणाचे काय करावे? सर्वांत आधी काय करू नये, ते सांगितले पाहिजे. काही लोक अंगणात मीठ टाकतात. मिठाने तण मरते हे खरे, पण ती माती पुढे गवतालाही नकोशी होते. काही जण स्वयंपाकघरातील व्हिनेगर शिंपडतात. त्याने पाने करपतात, परंतु खोल गेलेले मूळ खालून हसत असते. तीव्र आम्ल वापरावे तर ते डोळ्यांत गेल्यास दृष्टीला धोका. एक विष दारातून हाकलावे आणि दुसरे खिडकीतून आत घ्यावे, असा हा प्रकार आहे.

तण का उगवते, हे आधी पाहावे. उघड्या मातीवर ऊन पडले की तिच्यात निजलेले बी जागे होते. म्हणून माती झाकलेली राहणे हाच पहिला उपाय. बहुतेक लोक हिरवळ अगदी जमिनीसरशी कापतात; ती सात-आठ सेंटिमीटर उंच ठेवली तर तिची सावली मातीवर पडते, बी रुजत नाही आणि गवताची मुळेही खोल जातात. कापलेले गवत उचलून फेकू नये. तेथेच कुजून त्याचे खत होते. रोज थोडे थोडे पाणी शिंपडण्यापेक्षा आठवड्यातून एकदा भरपूर द्यावे. जेथे माणसांच्या सततच्या वावराने जमीन दडपली गेली असेल, तेथे प्लँटेन नावाचे रुंद पानाचे झाड हटकून येते. आपल्या इसबगोलाचे ते भावंड आहे. ते उपटून भागत नाही; त्याच्याखालची जमीन भोके पाडून मोकळी करावी लागते, तेव्हा गवताला तेथे श्वास घेता येतो. प्लँटेन हे चुगलखोर झाड आहे. माती कोठे आजारी आहे, ते नेमके दाखवून देते.

डँडेलियनसाठी मात्र खणण्यावाचून इलाज नाही. पाऊस पडून गेल्यावर माती मऊ असताना, फुलाचे बी होण्यापूर्वी, लांब पात्याच्या खुरप्याने मूळ जितके खोल निघेल तितके काढावे. आपल्याकडे पिढ्यान्पिढ्या बायका शेतात वाकून खुरपणी करीत आल्या आहेत. त्या कामाला कोणी शोध म्हणत नाही. कॅनडातील गृहस्थाला तेच काम नव्याने शिकावे लागले.

यावर एक आक्षेप घेतला जातो, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. जो वृद्ध आहे, ज्याची पाठ वाकत नाही, त्याने काय करावे? त्याच्या अंगणातून बी उडते आणि शेजारी कुरकुरतात. शाळांच्या व नगरसभांच्या मैदानांवर तर एकरच्या एकर जमीन असते. तेथे खुरपे पुरे पडणार कसे? याला माझे उत्तर असे, की मैदानात जेथे गवत झिजते तेथे ते वेळोवेळी दाट पेरावे. त्याला खर्च येतो, आणि तो खर्च नगरसभांनी सोसला पाहिजे. औषध स्वस्त होते ते याचसाठी, की त्याची खरी किंमत दुकानदाराच्या पावतीवर कधी लिहिलीच गेली नाही. वृद्ध गृहस्थाविषयी म्हणाल, तर शेजाऱ्यांनी कुरकुरण्यात जो वेळ घालवला, त्याच वेळात चार डँडेलियन निघाले असते.

आणि इतके करूनही चार-दोन पिवळी फुले राहिलीच, तर राहू द्यावीत. त्यांच्यामुळे चेंडू अडत नाही. मला तर असे वाटते की, बंदीमुळे तेथील लोकांची तणाशी गाठ पडली त्याहून अधिक स्वतःच्या हट्टाशी पडली. कोणी हिरवळ काढून तेथे भाजीपाला लावला; कोणी त्याच प्रदेशातील रानफुले आणली; कोणी हिरवळच ठेवली, पण तिच्यात इतर पानांना जागा दिली.

तेथे उन्हाळ्याचा कडाका ओसरून हवा थंडावू लागली, म्हणजे ऑगस्टच्या अखेरीस, हिरवळीत नवे बी पेरण्याचा हंगाम येतो. त्या सुमारास बियाण्यांच्या दुकानांत गेले, तर गवत आणि पांढरा क्लोव्हर यांचे मिश्रण असलेल्या पिशव्या पुन्हा मांडलेल्या दिसतात, आणि त्या पैसे मोजून नेणारी गिऱ्हाइकेही दिसतात.