रूळ थळपर्यंत, प्रवासी पेणपर्यंत

दिवाळीनंतर इटलीला जाऊन आलेल्या कुटुंबांशी बोलावे, तर रोमच्या कोलोसियमपेक्षा आगगाडीचेच वर्णन अधिक ऐकावयास मिळते. त्यात नवल नाही. रोमहून फ्लोरेन्सला जलद गाडीने सुमारे दीड तास लागतो आणि तेथून व्हेनिसला साधारण दोन तास. २०१२ पासून या मार्गांवर सरकारी गाड्यांशी एका खासगी कंपनीची स्पर्धा आहे. तिकीट आधी काढले तर बरेच स्वस्त पडते, मात्र सर्वांत स्वस्त तिकिटाचे पैसे परत मिळत नाहीत, ही अट व्यापारी माणसाने आधी वाचावी. नोव्हेंबरात तिकडे सूर्य पाचच्या आत मावळतो. सूर्यास्तापूर्वी भोजन करणाऱ्यांनी दुपारची गाडी न धरता सकाळचीच धरावी, हे जाता जाता सांगतो.

पण वेगापेक्षाही मोलाची गोष्ट म्हणजे गाडी नेऊन सोडते ती जागा. फ्लोरेन्सचे स्थानक जुन्या शहराला लागून आहे. व्हेनिसच्या सांता लुचिया स्थानकाच्या पायऱ्या उतरल्या की समोर कालवा. १८४६ मध्ये खाडीवर रेल्वेचा पूल झाला, तोवर त्या शहरात होडीवाचून जाता येत नव्हते.

आता आपल्या किनाऱ्याकडे पाहू. व्हेनिसएवढे नसले, तरी चौल हे काही कालपरवाचे गाव नव्हे. टॉलेमीने उल्लेखिलेले ‘सिमुल्ला’ ते हेच, असे मानले जाते. शेजारी रेवदंड्याला पोर्तुगीजांचा कोट आहे, पुढे मुरुड आणि जंजिरा. पिएत्रो देल्ला व्हाल्ले हा रोमचा उमराव १६२३ मध्ये या किनाऱ्यावर चौलला येऊन गेला. तत्पूर्वी खंबायतला त्याने पक्ष्यांचा दवाखाना पाहिला होता आणि त्याचे वर्णन कौतुकाने लिहून ठेवले. आपल्या पांजरपोळ परंपरेविषयी एका इटालियनाने चारशे वर्षांपूर्वी लिहिलेला हा मजकूर आपल्या घरांतून फारसा कोणास ठाऊक नसतो.

तो गलबताने आला. आज त्याच्या गावचा प्रवासी चौलला यावयाचा तर आगगाडीने पेणपर्यंतच येऊ शकतो. पुढे एस.टी., वडखळचा नाका आणि रस्त्यावरची मोटारींची रांग. मांडव्याच्या लाँची पावसाळ्यात बंद असतात. २०२० पासून रो-रो बोट सुरू झाली, ही सोय खरीच. परंतु तिनेही मोटारच गावात आणली.

गंमत अशी की रूळ आहेत. थळच्या खत कारखान्यासाठी पेणपासून टाकलेल्या मार्गावर मालगाड्या जातात. थळहून अलिबाग रिक्षाच्या अंतरावर आहे. प्रवासी गाडीची मागणी जुनी, घोषणाही झाल्या. गाडी मात्र आली नाही.

बँकेत कर्जाचा अर्ज तपासताना मी प्रथम विचारीत असे की पैसा कोठून येणार आणि कोठे थांबणार. मोटारीने येणारा मुंबईकर डिकीत सामान भरून येतो, शनिवारी रात्री एखाद्या बंगल्यात उतरतो आणि रविवारी परत फिरतो. गाडीने येणारा मोकळ्या हाताने येतो. त्याला रिक्षा लागते, खानावळ लागते, छत्री आणि टॉवेलही लागतो. अलिबाग-रेवदंड्याच्या पेठेत तीन पिढ्या दुकान चालविणाऱ्या आपल्या कुटुंबांसाठी हा फरक लहान नाही. मुंबईत कामाला जाणाऱ्या त्यांच्या मुलांना रोज घरी परतता येईल की भाड्याची खोली घ्यावी लागेल, हेही त्यावरच ठरणार आहे.

आक्षेप आहेत. गाडी आली की गर्दी येईल, आणि व्हेनिसने तर गर्दीला कंटाळून २०२४ मध्ये ठरावीक दिवशी एका दिवसाच्या पाहुण्यांवर पाच युरो शुल्क बसविले. पण गर्दी अलिबागला आलीच आहे. ती रस्त्यावर उभी असते, इतकेच. मार्ग एकेरी आहे, मालवाहतूक सांभाळून दिवसाच्या किती फेऱ्या बसतील, हा प्रश्न मला अधिक खरा वाटतो. सकाळी एक आणि संध्याकाळी एक, एवढ्यापासूनही आरंभ करता येईल. व्यापारी संघांनी निवेदनात हीच मर्यादित मागणी मांडावी आणि सोबत आपल्या दुकानांत शनिवार-रविवारी होणाऱ्या विक्रीचे आकडे जोडावेत. आकडे जोडलेले निवेदन टेबलावर जरा जास्त वेळ राहते, हा नोकरीतील अनुभव आहे.

तोवर इटलीला जाणाऱ्यांनी अवश्य जावे. व्हेनिसचे तिकीट काढताना मेस्त्रे नव्हे, सांता लुचिया पाहून काढावे; मेस्त्रे पुलाच्या अलीकडे आहे, आपल्या पेणसारखे.