बंद संगणक आणि निदानाचे भांडवल

शिरूर किंवा दौंड येथील एखादा महाविद्यालयीन विद्यार्थी पुण्याच्या बुधवार पेठेतील इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातून संगणकाचे सुटे भाग विकत घेतो, एसटीने किंवा रेल्वेने ते घरी आणतो आणि बैठकीच्या खोलीत सतरंजी पसरून त्यांची जुळणी करतो, याचे आता कोणाला नवल वाटत नाही. वडिलांच्या पगारातून अथवा पतपेढीच्या कर्जातून ही रक्कम उभी राहिलेली असते. शेवटचा स्क्रू आवळला जातो, घरातील मंडळी भोवती जमतात, बटन दाबले जाते आणि काहीच घडत नाही. पंखा फिरत नाही, दिवा लागत नाही, पडदा काळाच राहतो. त्या घरापुढे उभा राहणारा प्रश्न वरवर पाहता तांत्रिक असला, तरी त्याची खरी अडचण आर्थिक स्वरूपाची आहे, आणि तिचा विचार तालुक्याच्या पातळीवर क्वचितच केला जातो.

आयबीएम कंपनीने ऑगस्ट १९८१ मध्ये आपला वैयक्तिक संगणक बाजारात आणला, तेव्हा त्याची रचना इतरांना अनुकरण करता येईल इतकी खुली ठेवली होती. पुढे १९९५ मध्ये इंटेलने 'एटीएक्स' नावाची मापे ठरवून दिली. त्यामुळे एका कंपनीचा मदरबोर्ड, दुसरीची रॅम आणि तिसरीचा एसएमपीएस एका कॅबिनेटमध्ये सुखाने नांदू लागले. या व्यवस्थेचा लाभ असा की, ग्राहकाला हवा तो भाग हव्या त्या किमतीत मिळतो. तिची किंमत अशी की, संपूर्ण यंत्राची जबाबदारी घेणारा कोणीच उरत नाही. प्रत्येक भागाची पावती वेगळी, हमी वेगळी आणि ती बजावण्याचे ठिकाणही वेगळे. यंत्र बंद पडले तर कोणत्या दारी जायचे, हे दोष सापडल्याशिवाय ठरत नाही.

तीन प्रकारचे मौन

'संगणक सुरू होत नाही' हे वाक्य 'रोग्याला बरे वाटत नाही' या वाक्याइतकेच मोघम आहे. निदानाची पहिली पायरी म्हणजे या मौनाचे वर्गीकरण करणे. पहिल्या प्रकारात यंत्र पूर्णपणे निर्जीव असते. येथे संशय विजेच्या वाटेवर घ्यावा लागतो. भिंतीवरील सॉकेटमध्ये वीज आहे का, एसएमपीएसच्या मागचा स्विच चालू आहे का, मदरबोर्डचा चोवीस पिनांचा प्लग पूर्ण बसला आहे का, आणि कॅबिनेटच्या बटनाच्या बारीक तारा योग्य पिनांवर आहेत का, हे क्रमाने पाहायचे. या दोन पिना स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने क्षणभर जोडल्यावर यंत्र सुरू झाले, तर दोष बटनात किंवा त्याच्या तारांत असतो.

दुसऱ्या प्रकारात पंखे फिरतात, पण पडद्यावर चित्र उमटत नाही. प्रोसेसरजवळचा चार किंवा आठ पिनांचा स्वतंत्र प्लग लावायचा राहून जाणे, ही नवशिक्यांची नेहमीची चूक आहे. रॅमची पट्टी अर्धवट बसलेली असणे ही दुसरी, आणि मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डाऐवजी मदरबोर्डला लावणे ही तिसरी. नवा प्रोसेसर ओळखण्याइतके मदरबोर्डवरील मूळ सॉफ्टवेअर नवे नसले, तरीही हेच लक्षण दिसते. शिवाय डीडीआर-५ रॅमचे काही संगणक पहिल्या वेळी रॅमची जुळवाजुळव करण्यात कित्येक मिनिटे घालवतात. तेवढ्या काळातला अंधार हा दोष मानून घाईने वीज तोडणे चुकीचे ठरते.

तिसऱ्या प्रकारात यंत्र क्षणभर सुरू होऊन लगेच बंद पडते. मदरबोर्ड ज्या पितळी खुंटांवर बसतो त्यांतील एखादा भलत्या जागी राहिला, तर तो मागील बाजूस टेकून शॉर्ट सर्किट होते आणि एसएमपीएस स्वतःच्या रक्षणासाठी बंद होतो. अशा वेळी मदरबोर्ड बाहेर काढून त्याच्या पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवायचा आणि प्रोसेसर, त्याचा पंखा व रॅमची एकच पट्टी एवढ्यावर चालवून पाहायचा. चालला तर एकेक भाग परत जोडत जायचे. एका वेळी एकच बदल करायचा आणि तो वहीत टिपून ठेवायचा, हा या विद्येचा आद्य नियम होय. एसएमपीएस मात्र घरी कधीही उघडू नये. प्लग काढल्यानंतरही त्याच्या कपॅसिटरमध्ये तीनशे व्होल्टहून अधिक दाबाचा विद्युतभार काही काळ राहू शकतो. या दोन्ही तालुक्यांचा बराचसा भाग अवर्षणप्रवण असल्याने आणखी एक दक्षता घ्यावी लागते. माती कोरडी पडली की अर्थिंगचा खड्डा निरुपयोगी होत जातो. कॅबिनेटला हात लावताच झिणझिण्या येत असतील, तर संगणकाआधी घराचे अर्थिंग तपासून घ्यावे.

खात्रीचा दुसरा भाग

एवढे सारे करूनही यंत्र मुकेच राहिले तर? येथे घरच्या निदानाची मर्यादा लागते. एसएमपीएस दोषी आहे की मदरबोर्ड, याचा निर्णय बहुधा एकाच मार्गाने होतो. चालू असल्याची खात्री असलेला दुसरा एसएमपीएस लावून पाहायचा. रॅमचे तेच, ग्राफिक्स कार्डाचे तेच. निदानाला ज्ञानाबरोबर तुलनेसाठी लागणारा साठाही हवा असतो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा बुधवार पेठेत हा साठा दुकानाच्या फळीवर सदैव मांडलेला असतो. दौंडहून पुणे रेल्वेने सुमारे ७५ किलोमीटर आहे, शिरूरहूनही अंतर फारसे कमी नाही. चुकीचा भाग काढून पुण्याला नेला, तेथे तो ठणठणीत निघाला, की एक दिवसाची रजा, भाडे आणि धीर या तिन्ही गोष्टी वाया जातात. हाच फेरा दोनदा पडला, की 'मदरबोर्ड गेला, नवा घ्या' हा सल्ला शहाणपणाचा वाटू लागतो, मग मदरबोर्ड खरोखर गेलेला असो वा नसो.

निदानाचे मोल

जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखवून दिले की, विक्रेत्याला जे ठाऊक असते ते ग्राहकाला ठाऊक नसले, तर बाजारच बिघडतो. या विचाराबद्दल २००१ साली त्यांना नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. मायकेल डार्बी आणि एडी कार्नी यांनी १९७३ मध्ये याहून सूक्ष्म मुद्दा मांडला. दुरुस्तीसारख्या सेवेत, जे काम केले गेले त्याची मुळात गरज होती की नाही, हे ग्राहकाला काम झाल्यानंतरही कळत नाही.

यावरून दुकानदाराला लबाड ठरवणे मात्र अन्यायाचे होईल. ग्राहक नव्या भागाचे पैसे विनातक्रार मोजतो, परंतु तासभर तपासून 'फक्त रॅम नीट बसलेली नव्हती' असे सांगणाऱ्याला शंभर रुपये देताना त्याच्या कपाळावर आठी पडते. निदानाची फी उघडपणे द्यायला समाज तयार नसेल, तर ती भागाच्या किमतीत लपून वसूल होणार, हे उघड आहे. ज्या कौशल्याला दाम नाही, ते कौशल्य शिकण्यात तरुणांनी वर्षे का घालवावीत? 'एवढ्याशा कामाचे पैसे कसले' असे म्हणणारा समाज अखेरीस त्याच कामाचे अनेकपट पैसे मोजत राहतो.

आजच्या मोबाइल आणि लॅपटॉपच्या युगात घरी जुळवलेल्या संगणकाची एवढी चिंता कशाला, असा आक्षेप घेतला जाईल. त्यात तथ्य आहे. अनेक लॅपटॉपमध्ये रॅम मदरबोर्डलाच डाख दिलेली असते आणि मोबाइल उघडण्याचे साहस सामान्य माणूस करत नाही. पण नेमक्या याच कारणाने सुट्या भागांचा संगणक हे विद्यार्थ्याच्या हाती पडू शकणारे, कारण आणि कार्य यांचा संबंध उघड्या डोळ्यांनी दाखवणारे दुर्मीळ यंत्र ठरते. २००१ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाने शिक्षक, कारकून आणि विद्यार्थी अशा लाखो लोकांना संगणक वापरायला शिकवले, हे त्याचे निर्विवाद ऋण. परंतु वापरणे शिकवण्यासाठी तो आखलेला आहे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांच्या व्यवसायांत संगणक हार्डवेअर व नेटवर्क देखभालीचा समावेश आहे, पण कला, वाणिज्य वा विज्ञान शाखेतील विद्यार्थ्याची तेथे गाठ पडत नाही.

सहकाराचा मार्ग

या कोंडीवर उपाय महाराष्ट्राला अपरिचित नाही. एका शेतकऱ्याला जे यंत्र परवडत नाही ते अनेकांनी मिळून घ्यावे, या तत्त्वावर या भागातील सहकार उभा राहिला. तपासणीसाठी जादा एसएमपीएस, रॅमच्या दोन पट्ट्या आणि एखादे साधे ग्राफिक्स कार्ड प्रत्येक घराने कपाटात पाडून ठेवणे हा शुद्ध अपव्यय होय. तोच संच शिरूरच्या एखाद्या महाविद्यालयात आणि दौंडच्या एखाद्या महाविद्यालयात ठेवला, त्याला एक मल्टिमीटर, बीप ऐकवणारा छोटा स्पीकर आणि नोंदवही जोडली, तर तोच संच वर्षभर शेकडो हातांना उपयोगी पडेल. आठवड्यातून एक दुपार, जाणकार शिक्षकाच्या देखरेखीखाली, माफक पण उघड फी घेऊन हे टेबल चालावे. फी घ्यावीच, म्हणजे निदान हे श्रम आहे याची जाणीव दोन्ही बाजूंना राहील. दोष काय निघाला याची नोंद वहीत व्हावी. दोन-तीन वर्षांत त्या वहीतून या परिसरात यंत्रे प्रत्यक्षात कशाने बंद पडतात, धुळीने, सैल प्लगने की विजेच्या चढउताराने, याचे चित्र तयार होईल. असे चित्र कोणत्याही कंपनीच्या पुस्तिकेत मिळणार नाही.

दौंड हे जंक्शनचे गाव आहे. बिघडलेल्या सिग्नलसाठी सारी लाइन उखडत नाहीत, दोष कोणत्या टप्प्यात आहे ते आधी शोधतात, हे तेथील रेल्वे कामगाराला सांगावे लागत नाही. रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत कामाला जाणाऱ्या शिरूरच्या तरुणालाही ते ठाऊक आहे. कामाच्या जागी असलेली ही समज घरातील सतरंजीवर बसलेल्या मुलापर्यंत पोचवण्यास एक कपाट, एक टेबल आणि आठवड्यातील एक दुपार एवढाच खर्च आहे. येत्या शैक्षणिक वर्षाच्या अंदाजपत्रकात त्याची तरतूद करणे कोणत्याही महाविद्यालयाच्या आवाक्याबाहेरचे नाही.