उशीर दोघांचाही मोजा

माझे वडील पिंपरीच्या कारखान्यात तिन्ही पाळ्या करीत. पुढची पाळी फळ्यावर आधीच लागे. १९४८च्या कारखाना कायद्याच्या ६१व्या कलमाने तसे बंधनच घातले होते. आईचा स्वयंपाक, आमचा अभ्यास, पाहुण्यांचे येणे-जाणे, सारे त्यावर ठरे.

आज मुलगा हिंजवडीत नोकरी करतो. दारातले यंत्र बोटाचा ठसा घेऊन दोन मिनिटांचा उशीरही टिपते. पाळी बदलल्याचा निरोप मात्र रात्री दहाला मोबाईलवर येतो. त्या उशिराची नोंद कोण ठेवणार?

यंत्राला माझा विरोध नाही. खोटी हजेरी आणि पाळ्या लावण्यातला वशिला त्याने जरूर थांबवावा. पण नोकराचा उशीर मोजणाऱ्या संगणकाने साहेबांचाही मोजावा. घरालाही घड्याळ असते!